पाटीवरचा कॉमा

मी नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. अकरावी-बारावीची मुलं, बहुतेक मराठी नाहीतर हिंदी माध्यमातून आलेली. ॲपॉस्ट्रॉफी हा शब्द त्यांच्या तोंडी बसत नाही. ती त्याला 'वरचा कॉमा' म्हणतात, आणि मलाही आता तेच नाव बरं वाटतं. या वरच्या कॉमाबद्दल मुलांना एकच गोष्ट पक्की ठाऊक असते, की तो एसच्या आसपास येतो. म्हणून एस दिसला की ती तो ठेवून देतात. टोमॅटो अनेक झाले की वरचा कॉमा, पुस्तकं अनेक झाली की वरचा कॉमा. अर्जाच्या शेवटी 'yours' लिहिताना तर हमखास. आणि it's आणि its यांचा घोळ मी दरवर्षी नव्याने सोडवते. पहिल्यात 'इज' लपलेला आहे, दुसऱ्यात 'त्याचं' असा अर्थ आहे, असं फळ्यावर लिहून दाखवते. मुलं माना डोलावतात आणि पेपरात उलटं लिहून येतात.

वर्गातली ही नजर घेऊन मी रस्त्यावर फिरत असे. नागपुरात पाट्यांना तोटा नाही. अंड्याच्या दुकानावर 'EGG'S' असतं. लेडीज शब्दात आय-ई झाल्यावर मध्येच वरचा कॉमा घुसतो आणि एस एकटा बाहेर उभा राहतो. एका मासळीच्या दुकानावर 'FRESH' हा शब्द अवतरणचिन्हांत घातलेला होता. दुकानदाराला तो ठसठशीत करायचा होता, पण वाचणाऱ्याला वाटावं की मासे म्हणायलाच ताजे आहेत. असं काही दिसलं की मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावायची, फोटो काढायची आणि माझ्या पानावर टाकायची. सोशल मीडियावर मी असं एक पान चालवत होते. खाली एखादी खोचक ओळ लिहायची. ओळ जितकी खोचक, तितके लोक जास्त हसत. याने लोकांचं इंग्रजी सुधारेल असं मी म्हणायची. स्वतःशीसुद्धा म्हणायची. पण ज्याची पाटी होती त्याला मी एकदाही जाऊन काही सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळा लागता लागता मला बुटीबोरीच्या एका महाविद्यालयात व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता रोजच्या इंग्रजीतल्या चुका. व्याख्यान छान झालं, मुलं खूप हसली. परत निघताना बसला वेळ होता म्हणून मी रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेत उभी राहिले. समोर एक दुमजली घर होतं. वरच्या गॅलरीत ओढण्या आणि कारखान्याचे निळे गणवेश वाळत घातले होते. गॅलरीच्या कठड्याला फ्लेक्सची पाटी बांधली होती. त्यावर लिहिलं होतं:

ROOM'S, GIRL'S, MESS AVAILABLE

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. खोल्या मिळतील आणि मुलींसाठी मेस आहे. औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या मुलींसाठी अशी घरं बुटीबोरीत पुष्कळ आहेत. पण 'गर्ल्स' आणि 'मेस' यांच्यामध्ये स्वल्पविराम पडल्याने त्याचं 'खोल्या, मुली, मेस मिळतील' असं झालं होतं. वरचे दोन्ही कॉमेही चुकलेले. एका ओळीत इतक्या चुका मला पूर्वी कधी सापडल्या नव्हत्या. चहाचा कप टपरीच्या फळीवर ठेवून मी फोटो काढला. बसमध्ये जागा मिळाल्याबरोबर तो पानावर टाकला आणि खाली इंग्रजीत लिहिलं, की बुटीबोरीत राहण्याची, जेवणाची आणि आणखीही एक सोय होते, फक्त एक कॉमा लागतो.

ती ओळ सुचली तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसले होते.

त्या फोटोला माझ्या पानावर आजवर कशाला मिळाली नव्हती इतकी दाद मिळाली. मी दिवसभर फोन उघडून पाहत होते. पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये डबे उघडले असताना एका सहकाऱ्याने आपला फोन सगळ्यांसमोर धरला. बघा म्हणाले, काय पाटी आहे. फोटो माझाच होता. पण त्याखालची माझी ओळ गेली होती आणि तिच्या जागी कुणीतरी हिंदीत एक घाणेरडी ओळ लिहिली होती. ती मी इथे लिहीत नाही. फोन हातोहात फिरत माझ्याकडे आला. एकाने गमतीत विचारलं, कुणी लावून पाहिला का नंबर? सगळे हसले. मीही हसले, हे मला सांगायलाच हवं.

नंबर हा शब्द ऐकला तेव्हा मी पाटी खालपर्यंत पाहिली. तिथे दहाचे दहा आकडे ठळक लाल रंगात होते. फोटो काढताना मी फक्त कॉमे बघितले होते.

डबा तसाच ठेवून मी बाहेर व्हरांड्यात आले आणि पानावरचा फोटो काढून टाकला. पण तो माझ्याकडून कधीच निघून गेला होता. कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरत होता ते मला कळण्याचा मार्ग नव्हता. संध्याकाळी घरी आल्यावर मी धीर करून त्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका बाईंनी उचलला. त्यांनी हॅलो म्हटलं नाही. "बोल, काय पाह्यजे तुले?" एवढंच म्हणाल्या, तुटक आणि थकलेल्या आवाजात. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी एक शिवी दिली आणि फोन ठेवला. त्यांच्या लेखी मी तसलीच कुणीतरी होते. आणि त्यात काही चूक नव्हती.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, चार दिवस राहते असं, मग लोक दुसऱ्या कशाला तरी हसतात, तू जाऊन आणखी वाढवू नको. मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी ऐकलं. काही दिवस मी गप्प राहिले. पण फळ्यावर अनेकवचनं लिहिताना, भाजीवाल्याच्या पाटीसमोर उभी असताना, तो आवाज परत परत कानात यायचा. शेवटी एका रविवारी सकाळी मेट्रोने खापरीपर्यंत गेले आणि पुढे ऑटोने बुटीबोरीला.

गॅलरीवर पाटी नव्हती. कठड्याला बांधलेल्या सुतळीचे तुकडे तेवढे राहिले होते. खालच्या पडवीत पन्नाशीच्या पुढच्या एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. रंग सावळा, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली जागरण. आतून वरणाच्या फोडणीचा वास येत होता. मी फाटकापाशी उभी राहिले तर त्यांनी आधी माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

मी खरं सांगायला गेले होते. पण तोंडातून आलं ते वेगळंच. मी म्हणाले, माझ्या भाचीला इथे नोकरी लागली आहे, तिच्यासाठी खोली बघते आहे. मला भाचीच नाही. बाईंचा चेहरा एकदम सैल पडला. या म्हणाल्या, बसा, उन्हाच्या आल्या. त्यांनी माठातलं पाणी दिलं. मग वर नेऊन खोल्या दाखवल्या. एकेका खोलीत तीन-तीन खाटा, भिंतीवर कुणाचं बुद्धाचं चित्र, कुणाची देवीची तसबीर, आरशाला चिकटवलेल्या टिकल्या. मुली त्यांना मावशी म्हणत होत्या. रविवार असल्याने कुणी केस धूत होती, कुणी घरी फोनवर बोलत होती. कुणी ओडिशाची, कुणी छत्तीसगडची, दोघी-तिघी आपल्या विदर्भातल्या. मावशींनी मला सांगितलं की नवरा इथल्याच एका कारखान्यात होता. तो गेल्यावर त्यांनी वरचा मजला मुलींना द्यायला सुरुवात केली. हिशेबापेक्षा घरात आवाज राहतो हे त्यांना जास्त आवडायचं.

एका खोलीत मधली खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली. ही मिळते काय, असं मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं. मावशी जिन्याकडे वळल्या. मग खाली आल्यावर, परत मेथी हातात घेतल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

ती खाट भंडाऱ्याकडच्या एका मुलीची होती. कापडाच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर. पहिलीच नोकरी. घरच्यांनी किती विनवण्यांनंतर सोडलेली. मध्यंतरी कुणी मेल्याने मावशींच्या पाटीचा फोटो काढून फोनवर टाकला. तेव्हापासून वेळी-अवेळी माणसांचे फोन येऊ लागले. काय काय विचारत, ते मावशींनी सांगितलं नाही, पदर तोंडाला लावला. नंबर बदलता येत नव्हता, कारण सगळ्या मुलींच्या घरी तोच दिलेला, कंपन्यांतही तोच. फोन बंद ठेवावा तर रात्रपाळीच्या मुलीला काही झालं तर कळणार कसं? मग तो फोटो फिरत फिरत त्या मुलीच्या गावात पोहोचला. तिचा भाऊ दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आला आणि तिला सामानासकट घेऊन गेला. ती जाताना रडली नाही, मावशी म्हणाल्या. नुसती गादी गुंडाळत राहिली.

"फ्लेक्सवाल्याले मी मराठीत सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यानं इंग्रजीत टाकलं. मले वाचता येत नाही ना. कंपनीतले सायेब लोक इंग्रजी पाटी पाह्यतात म्हनून इंग्रजी केली. त्यात असं काय वाईट लिवलं होतं, ते मले अजून कोनी नीट सांगतलं नाही. पोरी सांगाले लाजतात."

मी तेव्हा सांगितलं. भाची नाही हेही सांगितलं. त्या दिवशी समोर चहा घेत मी उभी होते, फोटो मी काढला, खालची ओळ मी लिहिली, मी इंग्रजी शिकवते. सलग सांगितलं, मध्ये थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं.

मावशींचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मग त्यांनी विचारलं, "तुमाले वाचल्या वाचल्या समजलं होतं, का ते चुकलं हाय?"

"हो."

"आन् आमाले काय म्हनायचं होतं, तेही समजलं होतं?"

"समजलं होतं."

"मंग रस्ता पार करून सांगाले काय झालं होतं तुमाले?"

तो रस्ता काही रुंद नाही. मी चहाचा कप ठेवला होता ती फळी पडवीतून दिसत होती. तिथून इथे येऊन, बाई, तुमच्या पाटीत एक कॉमा चुकला आहे, लोक भलतं समजतील, एवढं सांगायला माझी बससुद्धा चुकली नसती. ते मला सुचलंच नाही. सुचलं ते फोटो काढायचं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, अनोळखी नंबर होता. त्यांनी तो उचलला नाही. माझ्यापुढे सरकवला. "घ्या," म्हणाल्या. "तुमीच बोला. आज तुमीच बोला सगळ्यायशी."

मी घेतला. कुणी तरुण पुरुष होता, हिंदीत बोलत होता, आजूबाजूला आणखी दोघे-तिघे असावेत. त्याने विचारलं ते मला अपेक्षित होतं, तरी ऐकताना कानशिलं तापली. मी म्हणाले, ही कामावर जाणाऱ्या मुलींची मेस आहे, पाटीत चूक झाली होती, परत फोन करू नका. माझा आवाज नकळत वर्गातला झाला होता. तिकडे हशा पिकला. अरे, ये तो मॅडम निकली, असं तो इतरांना म्हणाला, आणि मग आणखी चार गोष्टी बोलला. त्याला कशाचंही वाईट वाटत नव्हतं. माझ्या पानावर हसणाऱ्यांपेक्षा तो फार वेगळा हसत होता असंही मला वाटलं नाही.

दुपारपर्यंत मी तिथेच बसले. मावशी आत स्वयंपाकाला गेल्या आणि फोन माझ्याजवळ राहिला. कुणी नुसता श्वास घ्यायचा. कुणी विचारायचा आणि मी बोलू लागले की ठेवायचा. एक जण वयाने मोठा वाटला, तो तर अगदी अदबीने बोलला, त्याचीच मला जास्त शिसारी आली. प्रत्येक फोनबरोबर माझा आवाज चढत गेला. मग पुन्हा एक पुरुषाचा आवाज आला, जरा चाचरत, रूमचं विचारायचं होतं म्हणाला. मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. लाज वाटत नाही का, घरी आईबहिणी नाहीत का, पोलिसांत देईन, असं जे सुचलं ते बोलले. तिकडून अगदी खालच्या आवाजात ऐकू आलं, "मॅडम, माही पोरगी... कंपनीत लागली, म्हनून..." आणि फोन बंद झाला.

मी तशीच आत गेले आणि मावशींना सांगितलं. त्यांनी कणकेचे हात पुसले, तो नंबर परत लावला. उचलला नाही. थोड्या वेळाने पुन्हा लावला, तेव्हाही नाही. फोन माझ्याकडे परत दिला नाही, कमरेला खोचला.

मी म्हणाले, आपण पोलिसांत तक्रार करू, मी माझं नाव देते, फोटो मी टाकला असं लिहून देते. मावशी म्हणाल्या, त्यात माह्या पोरीयचे नाव येतील, चौकशीले माणूस घरी येईल, मंग उरलेल्याही जातील. मग मी म्हणाले, निदान त्या मुलीच्या भावाशी बोलू द्या, मी समजावून सांगते. यावर त्यांनी बराच विचार केला. शेवटी नंबर लावून दिला.

भाऊ शेतावर होता. मागे पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता. मी माझी ओळख दिली, चूक कबूल केली आणि त्याला समजावू लागले की पाटीवर तसं काही नव्हतंच, एक स्वल्पविराम नको तिथे पडल्याने अर्थ बदलला, घर चांगलं आहे, मावशी आईसारखं बघतात. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलला नाही. मला वाटलं, पटतंय.

"मॅडम, कॉमा मले समजते," तो म्हणाला. "मी बारावी झालो. मावशीबद्दल माह्या मनात काही नाही. पन तो फोटो माह्या बापाले चावडीवर चार लोकायनं दाखवला. त्यायले कॉमा कोन समजावून सांगन?"

मी म्हणाले, मी येते, मी सांगते. हे मी मनापासून म्हणाले होते.

"नका येऊ," तो म्हणाला. "तुम्ही आल्या तं ज्यायनं पाह्यलं नाही तेही पाह्यतील." आणि मोटर बंद करायची आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

परतताना मावशींनी मला जेवायला थांबा म्हटलं नाही. मात्र फाटकापर्यंत आल्या आणि पाण्याची बाटली भरून दिली. ऊन फार होतं. मी ती बाटली खापरीपर्यंत उघडली नाही. ते पाणी प्यायचा माझा हक्क नाही असं वाटत राहिलं. मग मेट्रोच्या जिन्यावर चक्कर आल्यासारखं झालं आणि मी ते सगळं पिऊन टाकलं.

त्या रात्री मी पानावर सगळं लिहिलं. पाटी कुणाची, काय झालं, फोटो कुणाकडे असेल तर कृपया पुढे पाठवू नका, मी चुकले. लोकांनी वाचलं. काहींनी चांगलं लिहिलं. पण बऱ्याच जणांना माझं म्हणणं रुचलं नाही. एकाने लिहिलं की मॅडम, तुम्हीच तर आम्हाला हसायला शिकवलं. दुसऱ्याने विचारलं, कुठला फोटो, आम्ही पाहिला नाही, परत टाका ना. मी ते वाचलं आणि पान बंद केलं. इतक्या वर्षांत जमवलेले पाट्यांचे फोटोही पुसून टाकायला बसले. पुसताना प्रत्येक फोटोत आता मी खालचा नंबर आधी शोधत होते. पुष्कळ ठिकाणी तो होता. अंडेवाल्याचा होता, मासळीवाल्याचा होता. त्यांना कुणी फोन केले असतील का, कोण जाणे. मी कधी विचारायला गेले नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही गेले नाही. एका घरी जाऊन आले तेवढ्यानेच माझी ताकद संपली.

स्टाफरूममध्ये मी सहकाऱ्यांना सांगितलं की तो फोटो माझा होता. मग एक जण म्हणाले, मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता. त्यांना मला बरं वाटावं असंच वाटत होतं. पण मला राग आला, आणि तो त्यांच्यावर काढायला मला तोंड नव्हतं.

मावशींकडचे फोन पावसाळ्यापर्यंत कमी होत गेले. मधूनमधून मी त्यांना फोन करत असे. पहिल्या काही वेळेला त्या कामापुरतंच बोलल्या. नवी पाटी लावायची असेल तर मजकूर मी लिहून देते, छापण्याआधी मी स्वतः तपासते, असं मी एकदा म्हणाले. त्या म्हणाल्या, राहू द्या, आता पाटीच नको. पोरी पोरींना सांगून आणतात. काही दिवसांनी मात्र त्यांनीच फोन केला. एका मुलीला बढती हवी होती आणि त्यासाठी इंग्रजी बोलता यायला पाहिजे होतं. शिकवता काय, असं विचारलं. मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की माझी मलाच लाज वाटली. जणू वाट बघत बसले होते की कुणीतरी मला परतफेड करू द्यावी.

रविवारी जाऊ लागले. पडवीत चटई टाकून बसायचो. पण रविवार हा मुलींचा कपडे धुण्याचा, झोपण्याचा, घरी बोलण्याचा दिवस. सुरुवातीला सात-आठ आल्या, मग दोघी, मग एक. तिची पाळी बदलली आणि तीही यायची थांबली. वर्ग चालला नाही. मला वाईट वाटलं, पण ते माझ्याचसाठी होतं. त्या मुलींना त्या दिवशी झोप जास्त हवी होती, आणि ते बरोबरच होतं. मावशींनी तेव्हापासून मला जेवायला थांबवायला सुरुवात केली, एवढं मात्र झालं. त्या माझ्या पानात भाकरी वाढताना कधी माझ्याकडे बघतात, कधी बघत नाहीत. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि आणखी एक काम त्यांच्या अंगावर टाकायची मला भीती वाटली.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्या भंडाऱ्याकडच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा गावाजवळचाच, शेती आणि किराणा दुकान. पत्रिका मावशींना आली होती.

मी विचारलं, ती खूश आहे का?

"कोनाले विचारतात बाई ते," मावशी म्हणाल्या.

मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तसंही तिचं लग्न घरच्यांनी करूनच दिलं असतं, आज नाही तर दोन वर्षांनी. असेलही. पण ती दोन वर्षं तिची होती. त्या वर्षांत तिने काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिची गुंडाळलेली गादी तेवढी पाहिली आहे.

लग्नाला मी आले तर चालेल का, असं मी मावशींना भीतभीत विचारलं. त्या म्हणाल्या, "तिले मी सांगतलं नाही तुमी कोन ते. नका येऊ. मी जाऊन येतो." मग त्यांनी सांगितलं की मुलगी फोनवर त्यांच्याशी बराच वेळ बोलली होती. साड्यांचं काही बोलली नाही. कारखान्यात आपल्या जागी दुसरी कोणी लागली का, एवढं मात्र तिने दोनदा विचारलं.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"लागली म्हनलं. उमरेडची हाय. तुह्याच खाटेवर झोपते."

"ती काय म्हणाली?"

"बरं म्हने," मावशी म्हणाल्या, आणि गॅसवर भाजी करपून राहिली म्हणून त्यांनी फोन ठेवला.